खोट्या पाटीवरची गाय

प्लम फोर्क्स स्टेट कॉलेजच्या फुटबॉल संघात मी तीन वर्षं होतो, आणि त्या तीन वर्षांत माझ्याकडे कोणी बघू नये एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती. ती मी चोख पार पाडली.

कागदोपत्री मी क्वार्टरबॅक. तिसऱ्या नंबरचा. पहिला हॉलिस ब्रँडवोल्ड. चेंडू आधी त्याच्या हातात यायचा. तो कोणाला फेकायचा, कोणाच्या पोटात कोंबायचा की स्वतःच घेऊन पळायचं, हे तो तीन सेकंदांत ठरवायचा, आणि त्या तीन सेकंदांत समोरची धिप्पाड मंडळी त्याला जमिनीत गाडायला धावून यायची. दुसरा जावोन ओडम. हॉलिस मोडला तर तो. दोघंही मोडले तर मी. तशी वेळ आली तर कोच स्ट्रुब सामना सोडून घरी जातील, असा संघात सर्वसाधारण समज होता.

तोवर मी पाटी धरायचो.

प्रत्येक चालीआधी क्वार्टरबॅकला बाहेरून कळवावं लागतं की आता काय खेळायचं. ओरडून सांगितलं तर समोरच्यांनाही ऐकू जातं. म्हणून कडेला दोघं जण दारापेक्षा थोड्याच लहान पाट्या घेऊन उभे राहतात. पाटीवर चित्र. टोस्टर म्हणजे डावीकडे लांब फेक. बदक म्हणजे उजवीकडून पळ. गाय म्हणजे चेंडू हातात घे आणि गुडघा टेकून खाली बस. ही शेवटची चाल सामना जिंकत आलेले संघ वेळ घालवायला वापरतात. बसलेल्या क्वार्टरबॅकला कोणी हात लावायचा नाही असा नियमच आहे. आमच्याकडे गाईची पाटी कोरी करकरीत होती. चित्रं कोचच्या बायकोने निवडली होती. ती बालवाडीत शिकवायची.

लाल टोपी ओडमची. त्याची पाटी खरी. पांढरी टोपी माझी. माझी खोटी, समोरच्यांना फसवायला. दर सामन्याला टोप्या बदलायच्या असं ठरलं होतं, पण ते कोच पहिल्याच वर्षी विसरले. आणि आमच्या चाली चोराव्यात इतकं आमचं कौतुक कोणाला नव्हतं.

चित्रं दोघांकडे तीच. पाटी खोटी नव्हती, माणूस खोटा होता. आणि खोट्या माणसाने काय दाखवायचं, हे कोणी सांगत नसे. मग मी मला खरंच जी चाल खेळावीशी वाटायची तीच दाखवायचो. अशा रीतीने तीन वर्षांत मी एकतीस सामने मनातल्या मनात खेळवले. त्यातले सत्तावीस जिंकलो.

हॉलिस माझा खोलीमित्र. पहिल्या दिवशी त्याने सामान ठेवायच्या आधी मला विचारलं, "जन्मतारीख काय तुझी?"

"दोन ऑक्टोबर, दोन हजार तीन."

"गुरुवार," तो म्हणाला, आणि मग सामान ठेवलं.

कुठलीही तारीख द्या, तो दोन सेकंदांत वार सांगायचा. सोळाशे सालातली दिली तर चार सेकंद. गणिताचा मास्तर व्हायचं त्याचं ठरलेलं होतं. जानेवारीपासून गावच्या शाळेत शिकवायला जायचं होतं, नववीच्या वर्गाला. आमच्या कॉलेजातून मोठ्या व्यावसायिक संघात आजवर एकच माणूस गेलेला आहे, तोही बसचा ड्रायव्हर म्हणून. म्हणजे हॉलिसला फुटबॉलमधून पुढे काही मिळणार नव्हतं, आणि जे काही मिळवायचं ते डोक्यातूनच मिळवायचं होतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही. तरी तो खेळायचा. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "शनिवारी दुसरं काय करणार?"

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार म्हणजे गॅरिसन व्हॅलीविरुद्धचा सामना. बक्षीस ट्रॅक्टरची सीट. एकोणीसशे एकतीस सालची, गंजलेली, मधे भोक पडलेली. अकरा वर्षं ती त्यांच्याकडे होती. सीट परत आणायची म्हणून गावातले म्हातारे नव्वदीपलीकडे जगत होते असं म्हणतात. त्या दिवशी हाडं गोठवणारी थंडी होती. सकाळी मेसमध्ये सगळ्यांनी चिली नावाचं राजमा-खिम्याचं तिखट कालवण आणि दालचिनीचे गोड रोल एकत्र खाल्ले, देवाने ते एकत्र खायलाच बनवलेत अशा थाटात, आणि आम्ही मैदानावर गेलो.

चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्रात आम्ही एकवीस–दहा असे मागे असताना हॉलिस पडला.

तसा तो रोजच पडायचा. पण या वेळी मागून एक आणि पुढून एक आला, आणि त्याचं हेल्मेट जमिनीवर आपटल्याचा आवाज मला पाटीमागे ऐकू आला. फ्रिजचं दार आपटावं तसा. तो लगेच उठला. हात झटकले. आपल्याच घोळक्याकडे चालत गेला. एवढंच की तिकडे जाताना त्याने पंचाच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली.

डॉकने त्याला बाहेर बोलावलं. डॉक म्हणजे लॉर्ना पेल्टन. ती डॉक्टर नाही, हे ती रोज सांगते, आणि आम्ही "बरं, डॉक" म्हणतो. खेळाडूंच्या दुखापती बघणं तिचं काम. आणि तिने एकदा 'बाहेर' म्हटलं की कोचची आई आली तरी तो खेळाडू आत जात नाही.

तिने खिशातून प्लॅस्टिकचं आवरण घातलेलं कार्ड काढलं. "पाच शब्द सांगते. ऐक आणि परत सांग. बादली, पोपट, शिडी, लिंबू, कुलूप."

"बादली, पोपट, शिडी, लिंबू, कुलूप."

"महिने उलटे म्हण."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर," करत तो जानेवारीपर्यंत सुसाट गेला. तिने डोळ्यांत टॉर्च मारला. एका पायावर उभं केलं. मग परत शब्द विचारले. पाचही बरोबर.

"डोकं दुखतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"डॉक, मी तुझ्याशी कधी खोटं बोललोय?"

"मार्चमध्ये. गुडघ्याबद्दल."

"ते सोडून."

कोच स्ट्रुब मागे येऊन उभे होते. "लॉर्ना, पोरगा ठीक आहे. अठ्ठ्याऐंशी साली मी एका सीझनमध्ये चार वेळा असा आपटलो होतो. चार. काय झालं मला? सांग रे, कॅराविक, काय झालंय मला?"

माझं नाव कोवारिक आहे. आधीच्या सामन्यात मी कोवाल्स्की होतो. "काही नाही, कोच," मी म्हणालो.

"बघ," कोच म्हणाले, आणि चष्मा शोधू लागले. तो त्यांच्या कपाळावर होता.

डॉकने कार्डाकडे बघितलं, हॉलिसकडे बघितलं. कार्डाप्रमाणे तो ठणठणीत होता. "जा," ती म्हणाली, पण ते म्हणताना तिचा चेहरा नासलेल्या दुधाचा वास घेतल्यासारखा होता.

आता त्या पाच शब्दांबद्दल. दर ऑगस्टमध्ये, सीझनआधी, डॉक प्रत्येकाची अशी चाचणी घेते. ते कार्ड तिला तिच्याआधीच्या माणसाने दिलं होतं. शब्द वर्षानुवर्षं तेच. नव्या पोरांना जुनी पोरं पहिल्याच आठवड्यात, लॉकरच्या कुलपाचा आकडा द्यायच्याही आधी, बादली-पोपट शिकवतात. अंघोळीला ते चालीवर गातात. मागच्या वर्षी एक जण पेंगत असताना त्याला जेवणात काय हवं विचारलं, तर तो "लिंबू, कुलूप" म्हणाला. यात कोणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. लायसन्सच्या परीक्षेचे प्रश्न जसे सगळ्या गावाला पाठ असतात, तसंच हे.

हॉलिस आत गेला. ओडमने कोचच्या हुकमाप्रमाणे बदक दाखवलं: उजवीकडून पळ. मी सवयीने टोस्टर दाखवला. मला वाटत होतं की डावीकडे त्यांचा बचाव ढिला आहे. मला दर आठवड्याला असंच वाटतं.

हॉलिसने चेंडू घेतला, दोन पावलं मागे गेला आणि डावीकडे लांब फेकला. एकतीस यार्ड.

प्रेक्षकांत आरडाओरडा झाला. कोच म्हणाले, "त्याला काहीतरी दिसलं. पोराला नजर आहे." क्वार्टरबॅक कधी कधी ऐन वेळी चाल बदलतो, त्याला ती मुभा असते. ओडमने आपली पाटी उलटी करून तिच्याकडे बघितलं.

"हे बदकच आहे ना?" त्याने मला विचारलं.

"बदक आहे."

"मला वाटलं मीच चुकलो."

पुढची चाल. ओडमकडे घंटा. मी जरा विचार केला. योगायोग असेल, तर तो पुन्हा होणार नाही, आणि पुन्हा होणार नाही अशी चाल एकच होती: अननस. अननस म्हणजे आमचा दीडशे किलोचा लेवाय, ज्याचं काम फक्त मधे उभं राहून लोक अडवणं, त्याच्या हातात चेंडू देऊन त्याला पळवायचं. ही चाल सरावात एकदाच केली होती. लेवाय तेव्हा रडला होता. खऱ्या सामन्यात ती कोणी मागवली नव्हती, मागवणारही नव्हतं.

मी अननस दाखवला.

आमच्याकडे बाकीचे खेळाडू पाटीकडे बघत नाहीत. क्वार्टरबॅक बघतो आणि घोळक्यात सगळ्यांना सांगतो. हॉलिसने घोळक्यात डोकं घातलं, आणि मला इथून लेवायचा चेहरा दिसला. मग मी आयुष्यात कधीच विसरणार नाही असं एक दृश्य बघितलं. लेवाय डोळे मिटून अठरा यार्ड पळाला, पाच माणसं त्याच्या अंगाला लटकलेली, थेट शेवटच्या रेषेपार, आणि टचडाउन झालं. एकवीस–सतरा.

कोच कोणाचीतरी थर्मासची बाटली छातीशी धरून उभे होते. "अननस," ते हळू म्हणाले. "कसं सुचलं असेल पोराला?"

ओडमने पाटी खाली ठेवली. माझ्याकडे न बघता, समोर बघत म्हणाला, "तू अननस दाखवलास."

"हो."

"त्याआधी टोस्टर."

"हो."

"तो तुझी पाटी वाचतोय, माइल्स."

"तसं दिसतंय."

"तीन वर्षं लाल टोपी. त्याला माहीत नाही होय, खरी कोणाची ते?"

मग मी म्हणालो, "डॉकला सांग तू."

"मी?" ओडम म्हणाला. "मी दुसऱ्या नंबरचा. मी गेलो आणि म्हणालो, हॉलिसचं डोकं हललंय, त्याला काढा, तर त्याच्या जागी कोण येणार? मी. उद्या गावात तोंड दाखवता येईल मला? तू सांग. तुझ्यावर कोणी संशय घेणार नाही. तुला आत जायचंय असं कोणाच्या स्वप्नातही येणार नाही."

हे खरं होतं आणि लागलंही.

चेंडू आता गॅरिसन व्हॅलीकडे होता, म्हणून हॉलिस बाकावर येऊन बसला. मी शेजारी बसलो. तो रिकाम्या पेल्यातून पाणी प्यायला, आणि पेला नीट जागेवर ठेवला.

"कसं वाटतंय?"

"मस्त," तो म्हणाला. "आज सगळं फार सोपं जातंय, माइल्स. कळतंय ना तुला? कसलाच विचार करावा लागत नाहीये."

"दोन ऑक्टोबर, दोन हजार तीन," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. दोन सेकंद गेले. चार गेले. सोळाशे सालापलीकडे गेलो आम्ही.

"छान तारीख आहे," तो म्हणाला, आणि हेल्मेट घातलं.

मी तेव्हाच उठायला हवं होतं. डॉक पंधरा पावलांवर होती. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या डोक्यात एक वेगळाच किडा वळवळत होता. तीन वर्षं मी जे मनात खेळत होतो ते मैदानावर उतरलं होतं, आणि चाललं होतं. माझा टोस्टर चालला. माझा अननस चालला. आता छत्री चालेल का? मला जाणून घ्यायचं होतं. वाईट हेतू नव्हता. वाईट हेतू असता तर निदान लाज तरी लगेच वाटली असती.

चौथ्या सत्रातली शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा चेंडू परत आमच्याकडे आला. मी दोन साध्या चाली दाखवल्या. दोन्ही हॉलिसने जशाच्या तशा खेळल्या. त्यांच्या रेषेपासून तीस यार्डांवर आलो. मग मी छत्री दाखवली. छत्रीत क्वार्टरबॅकने चेंडू धरून थांबायचं असतं. लांबचा गडी मोकळा होईपर्यंत, कितीही माणसं अंगावर आली तरी थांबायचं.

हॉलिस थांबला. इतर कोणी असता तर चार सेकंदांत घाबरून फेकला असता. हा थांबूनच राहिला, बसस्टॉपवर थांबल्यासारखा. गडी मोकळा झाला, हॉलिसने फेकला, बावीस यार्ड मिळाले, अख्खं गाव उभं राहिलं, आणि त्याच क्षणी त्यांचा सर्वांत मोठा माणूस बाजूने येऊन हॉलिसवर आदळला.

फ्रिजचं दार. पुन्हा.

सगळे चेंडूकडे बघत होते. हॉलिसकडे मी एकटाच बघत होतो, कारण त्याला तिथे मी थांबवलं होतं. तो उठला. पुन्हा बसला. मग उठला आणि कडेला माझ्या पांढऱ्या टोपीकडे बघू लागला, शाळेत पुढची ओळ विसरलेलं पोर बाईंकडे बघतं तसा.

मी पाटी टाकून डॉककडे पळालो.

"तो माझी पाटी वाचतोय."

"मग?"

"माझी खोटी आहे."

डॉकला पाट्यांचं काही माहीत नव्हतं. तिला ते सांगायला मला अकरा सेकंद लागले. आयुष्यात मी इतकं थोडक्यात कधी बोललेलो नाही.

"पण चाचणीत तो पास झाला," ती म्हणाली. "पाचही शब्द."

"बादली, पोपट, शिडी, लिंबू, कुलूप," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं.

"शिडी, लिंबू, कुलूप," पलीकडून ओडम मान न वळवता म्हणाला. त्याच्यापलीकडे बाकावरचे दोघं तिघं, काही कारण नसताना, चालीवर गुणगुणू लागले.

डॉकने खिशातलं कार्ड बाहेर काढलं, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि परत ठेवलं नाही. "किती वर्षं?"

"माझ्या आधीपासून."

मैदानात घोळका जमत होता. आठ यार्ड उरले होते. वेळ जेमतेम दोन चालींपुरता, मग संपलं. घड्याळात बारा सेकंद. चार गुणांनी मागे.

"मी आत्ता त्याला काढलं," डॉक हळू म्हणाली, "आणि तू चुकलेला असलास, तर मला हे गाव सोडावं लागेल. तुलाही."

"गाय दाखवतो," मी म्हणालो.

"काय?"

"गाय दाखवली तर गुडघा टेकायचा असतो. आठ यार्डांवर, हरत असताना, जगातला कुठलाही शुद्धीवरचा क्वार्टरबॅक गुडघा टेकणार नाही. तो टेकला, तर तो तिथे नाहीये. आणि टेकलेल्याला कोणी मारत नाही. म्हणजे निदान एक चाल तरी..."

"दाखव," डॉक म्हणाली.

मी गाईची पाटी काढली. तिच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. ती डोक्यावर धरली. शेजारी ओडमने बदक धरलं होतं. त्याने तिरक्या डोळ्याने माझी पाटी बघितली आणि हळूच म्हणाला, "अरे देवा."

मला खरं सांगायचं तर, तेव्हा वाटलं की त्याने टेकू नये. त्याने एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे दुर्लक्ष करावं. सगळे करत आलेत. एवढं काय कठीण आहे?

हॉलिसने गाईकडे बघितलं. मान डोलावली. घोळक्यात काहीतरी बोलला, आणि दहा माणसांची हेल्मेटं एकदम वर उठली. ती चक्क वाद घालत होती. पण क्वार्टरबॅक सांगतो ते करायचं, हे आमच्यात बारा वर्षांचे असल्यापासून मुरवलेलं असतं. ते रांगेत उभे राहिले. चेंडू आला. हॉलिसने तो दोन्ही हातांत घेतला आणि शांतपणे, देवळात बसावं तसा, गुडघ्यावर बसला.

सहा हजार माणसं गप्प झाली. आमच्या संघाचा शुभंकर, म्हणजे सारसाच्या वेषातला मनुष्य, चिकटपट्टी लावलेली चोच दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. गॅरिसन व्हॅलीचे खेळाडू हॉलिसभोवती गोल करून उभे होते. त्यांना हा डावपेच वाटत होता. ते कोणी जवळ जाईनात.

डॉक तेव्हा मैदानात निम्म्यावर पोचली होती. पंचांनी घड्याळ थांबवलं. तिने हॉलिसचा हात धरला आणि त्याला बाहेर आणलं. तो कुरकुर न करता आला.

"बाहेर," तिने कोचना सांगितलं.

"आज तो आयुष्यातला सर्वांत चांगला सामना खेळतोय, लॉर्ना."

"तो खेळतच नाहीये."

कोच तिच्याकडे बघत राहिले. मग वळले. "कोवारिक," ते म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा बरोबर. "गाय तू दाखवलीस?"

"हो, कोच."

"टोस्टर? अननस?"

"मीच."

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि माझ्याकडे नीट बघितलं. काहीतरी बोलणार होते. पण शेवटची चाल उरली होती. ओडमला त्यांनी आत ढकललं, त्याची लाल टोपी काढून माझ्या डोक्यावर दाबली आणि म्हणाले, "टोस्टर दाखव."

मी लाल टोपी घालून खरी पाटी धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी खरा होतो. टोस्टर उंच धरला. ओडमने माझ्याकडे बघितलं, आणि त्याची नजर माझ्यावरून घसरून पुढे गेली. तीन वर्षं माझ्या शेजारी उभं राहून माझ्याकडे न बघण्याची त्याला इतकी सवय लागली होती की टोपीने काही फरक पडला नाही. त्याने स्वतःच्या मनाने बदक खेळलं. उजवीकडून पळाला. नऊ यार्ड गेला. गुडघा टेकण्यात दोन गेल्यामुळे दहा हवे होते.

गॅरिसन व्हॅलीने सीट घेतली आणि नाचत नेली. बारा वर्षं.

"तू काय दाखवलं होतंस?" ओडमने मला नंतर विचारलं.

"टोस्टर."

त्याने विचार केला. "चाललं असतं," तो म्हणाला.

गावात आठवडाभर फक्त एकच चर्चा. निम्म्यांचं म्हणणं, एका चालीने काय बिघडलं असतं, खेळू द्यायचं होतं. बाकीच्यांचं म्हणणं, काढायचंच होतं तर आधी टचडाउन करून मग काढायचं. केशकर्तनालयात मला विचारलं, "तो गायवाला तूच का?" आणि केस मात्र नीट कापले. डॉकने ते कार्ड फाडलं आणि नवे शब्द आणले. दर सामन्याला वेगळे. पोरं नाराज आहेत.

हॉलिस मेंदूला हादरा बसल्यामुळे पडदे ओढून खोलीत पडून असायचा. फोन नाही, वाचन नाही, उजेड नाही. मी मेसमधून सूप आणायचो. पहिले चार दिवस तो काही बोलला नाही. मला वाटलं चिडलाय. असायला हवाच होता. शेवटचा सामना, आणि मी त्याला सहा हजार लोकांसमोर गुडघ्यावर बसवलं होतं.

पाचव्या दिवशी तो अंधारातून म्हणाला, "गाय आठवतेय मला."

"आणखी काय?"

"काही नाही. गाय. बरी वाटली. म्हटलं, चला, आता बसायचं."

मी सूप ढवळत राहिलो. मग बरेच दिवस पोटात होतं ते विचारलं. "लाल टोपी सोडून माझ्याकडे का बघत होतास तू?"

"नेहमीच बघतो."

"काय?"

"तीन वर्षं. आधी तुझी पाटी बघायची, मग ओडमची. तू काय खेळला असतास ते बघायला मजा यायची. कधी कधी तुझीच बरी असायची." तो थांबला. बोलताना त्याला मधे मधे थांबावं लागत होतं. "त्या दिवशी तुझी बघितली, आणि पुढे काय करायचं असतं तेच आठवेना."

मी सूपमध्ये मीठ टाकलं. आधीच टाकलेलं होतं.

"छत्री मी दाखवली होती," मी म्हणालो. "दुसरा मार त्यात बसला तुला. मला तोवर कळलं होतं."

त्याने हळूहळू कूस बदलली. मग म्हणाला, "चालली का पण?"

"बावीस यार्ड."

"हं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मी त्याला रोज एक तारीख विचारतो. रोज एकच, डॉकने तेवढीच परवानगी दिली आहे. पहिले काही दिवस तो "नको" म्हणायचा. मग चुकीचे वार सांगू लागला, पण ठामपणे. शाळेने जानेवारीचं पुढे ढकललंय, मार्चला बघू म्हणालेत. तेव्हा नदीवर खरे सारस आलेले असतील.

काल मी विचारलं, "दोन ऑक्टोबर, दोन हजार तीन."

पडद्याच्या फटीतून एक बोटभर उजेड येत होता. त्याने तो सहन केला. मी मनात मोजत होतो. वीसपर्यंत गेलो.

"गुरुवार," तो म्हणाला.

मी उठून उभा राहिलो. परवानगी एकीचीच होती, पण मला राहवेना. "अकरा जून, एकोणीसशे शहात्तर." त्याच्या आईची.

"गुरुवार."

त्याच्या आईचा शुक्रवार आहे, हे त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं. मी सूपची वाटी उचलली आणि दाराशी गेलो.

"थांब," तो म्हणाला. "ते मी काढलं नाही. तुझंच उत्तर परत दिलं." पलंग कुरकुरला. तो उठून बसत होता. "परत विचार."

मी वाटी खाली ठेवली आणि परत विचारलं.